जैबुनचाचीसाठी टोपली

लोहारा, यवतमाळ
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय बबिता,

हे पत्र बादलभाऊंच्या जीपमध्ये देते आहे; तुझ्या नवऱ्याला पोस्टमन केलं म्हणून हसू नकोस. तुझ्या तांड्यावर फोन लागतो आणि बोलणं सुरू झालं की तुटतो. पत्र निदान शेवटपर्यंत पोचतं.

दिवाळीला आमच्या कारखान्यात पॅकिंगवाल्या सगळ्या बायांना एकेक भेटीची टोपली दिली. वर चकचकीत कागद, लाल रिबन, आत बिस्किटं, थोडे काजू आणि कोणाला नको असलेली मेणबत्ती. मुलांनी बघता बघता फस्त केली. रिकामी टोपली हातात राहिली तेव्हा मनात आलं, अशी एक आपण अम्मीसाठी करावी. विकतची नाही, घरची. ज्याचा स्वयंपाकावर जीव आहे त्याला ती पाहून उठावंसं वाटेल, अशी.

अम्मीचं सध्या स्वयंपाकात मन नाही. अब्बा गेले त्या वर्षीसुद्धा तिने लग्नाच्या जेवणांच्या मोठ्या देगी उतरवल्या होत्या. आता पुसदच्या घरी भाभी रांधते आणि अम्मी अंगणात खाटेवर बसून तांदूळ निवडते. वय झालं असेल. तू आमच्या घरी राहून अकरावी-बारावी केलीस, तिच्या हाताखाली डाळ-दुधीचा दालचा शिकलीस. माझ्यापेक्षा तुझाच हात तिला जास्त आवडायचा, हे मला ठाऊक आहे. तुझ्या शेतातलं, तुझ्या हातचं काही आलं तर तिला हुरूप येईल.

टोपली माझ्याकडे पाठव. मी सुट्टी काढून पुसदला नेऊन देईन. घरी सगळ्यांना सलाम, जमनीमावशींना विशेष.

तुझी
जेबा


तांडा, ता. दारव्हा
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय जेबा,

तुहं पत्र दोनदा वाचलं. एकदा माह्यासाठी अन् एकदा याडीले वाचून दाखवलं. माही सासू कशी हाय तुले माहीत हाय. गुडघ्यापायी तिले चुलीपुढे बसता येत नाही, पण खाटेवरून सारं घर चालवते. टोपलीचं ऐकल्याबरोबर म्हने, "धने तव्यावर नको भाजू, खापरात भाज. पुसदच्या बाईले समजते." दोघी एकमेकीले माह्या लग्नात एकदाच भेटल्या, पण अजून तिचं नाव काढते.

चाचीचं मन लागत नाही म्हनतं, हे वाचून मले कसंचं झालं. पुसदले आली तो पह्यला दिवस मले अजून आठवते. बाबा मले सोडून जीप घेऊन निघून गेलते. मी तुमच्या वसरीत बसून रडून राह्यली होती. चाचीनं समजावलं नाही, जवळ घेतलं नाही. चुलीवर तेल ठेवलं, जिरं टाकलं अन् म्हने, "बेटा, घर की याद आई तो इधर आके बैठ." त्या जिऱ्याचा वास नाकात गेला अन् मी रडायची थांबली. आमच्या घरी तोच वास होता.

म्हणून मी ठरवलं. टोपली उघडल्याबरोबर घमघमाट सुटला पाहिजे. काळा मसाला करीन, धने-जिरं भाजून ठेवीन, वाळलेली मोहाची फुलं टाकीन, मेथीचा वाळवलेला पाला, लसणाची चटणी. डोळे मिटून बी तिले समजलं पाहिजे का हे तांड्यावरून आलं.

बाकी सारं ठीक हाय. सोयाबीन निघालं. माही नणंद जया, तिले पाहायले लोक येऊन राह्यले.

तुही
बबिता


लोहारा
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय बबिता,

तुझा उत्साह पाहून बरं वाटलं. एकच सांगायचं होतं. मसाले जरा कमी ठेव. वासाचं फार नको. पापड-कुरड्या, डाळी, असलं चालेल. पुसदच्या घरी जागा थोडी आहे आणि मसाले पडून राहतात. राग मानू नकोस.

कामावर जायची घाई आहे, म्हणून एवढंच.

जेबा


तांडा
३ डिसेंबर २०२४

प्रिय जेबा,

टोपली बादलजवळ देली हाय. समोरच्या सीटवर ठेवून आणतो म्हने, मांग पोरं पाय देतात.

तू मसाले कमी ठेव म्हणतलं. मी याडीले सांगतलं तं ती हसली. म्हने, मसाल्याबिगर सैपाकीनबाईले भेट कायची? मले बी तसंच वाटलं. तू माह्या मेहनतीकडे पाहून तसं लिहिलं असशीन, हे मले समजलं. म्हणून मी कमी नाही, जास्तच टाकलं.

टोपली विकतची नाही. इथल्याच म्हाताऱ्यानं शिंदीच्या पात्याची विणून देली. तळाशी तुरीची डाळ, घरच्या जात्यावर भरडलेली. तिच्यावर मसाल्याच्या पुड्या, सुती कापडाच्या, प्लास्टिक एक बी नाही. मोहाची फुलं मधात ठेवली, दबू नाही म्हणून. वरून याडीनं आपल्या जुन्या फेटियाचा एक तुकडा देला, आरसे लावलेला. तो घागरा तिनं लग्नात घातलता. जयानं मांगतला तवा तिले नाही देला, अन् चाचीच्या टोपलीवर झाकायले फाडून देला.

मसाला कुटला त्या दिवशी सारा तांडा शिंकून राह्यला होता. चाची उघडीन तवा तू तिथं राय अन् तिचं तोंड कसं झालं ते मले लिही. काही सोडू नको.

बबिता


लोहारा
१६ डिसेंबर २०२४

प्रिय बबिता,

टोपली पुसदला पोचली. अम्मीला खूप आवडली. जमनीमावशींचं कापड तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. तुला आणि मावशींना खूप दुआ सांगितल्या आहेत.

इकडे कामाचा ताण आहे. सविस्तर नंतर लिहीन.

जेबा


तांडा
९ जानेवारी २०२५

जेबा,

लिहू का नको, असं लय दिवस चाललं होतं. आता लिहूनच टाकते.

मांगच्या आठवड्यात बादल लग्नाचं भाडं घेऊन पुसदले गेलता. लग्न लागेपर्यंत वेळ होता म्हणून चाचीले भेटायले गेला. टोपली कपाटावर होती. याडीचं कापड वरून बांधलेलं, गाठ तशीच्या तशी. चाचीनं त्याले बसवलं, पोराबाळाचं विचारलं, भाभीनं चहा-बिस्कीट देलं. टोपलीचं नाव कोणी काढलं नाही. बादलनं बी विचारलं नाही. तो तसा माणूस नाही. घरी येऊन मले सांगतलं अन् जेवायले बसला. मी जेवली नाही.

तू लिहिलं, खूप आवडली. उघडून बी पाह्यली नाही अन् आवडली कशी?

दोन वर्षं तुमच्या ताटात जेवली मी. माह्या आईनं कधी विचारलं नाही का पोरगी कोणाच्या घरी खाते, अन् तुह्या अम्मीनं कधी विचारलं नाही का ही पोरगी कुठून आली. आता बाहेर वारं कसं हाय ते मले बी दिसते. पण ते तुमच्या घरात येईन असं मले वाटलं नव्हतं. माह्या हातचं चालत नसन तं सरळ सांगायचं होतं. "मसाले कमी ठेव" असं आडून काहून सांगतलं?

याडीले मी काही सांगतलं नाही. ती रोज विचारते, पुसदच्या बाईनं मसाल्याचं काय केलं म्हणून. मी म्हणते, संपला.

बबिता


लोहारा
१२ जानेवारी २०२५

बबिता,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर काम करवेना. आता ऐक. अम्मीला मी शब्द दिला होता म्हणून गप्प होते. पण तू जे समजलीस ते शब्द मोडण्यापेक्षा वाईट आहे, म्हणून तो मोडते.

अम्मीला वास येत नाही. कशाचाच नाही. उन्हाळ्यात मोठा ताप आला होता, तो उतरला आणि नाक गेलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, परत येईल किंवा येणार नाही. अजून आलेलं नाही.

आधी तिने कोणालाच कळू दिलं नाही. मग मामूच्या घरच्या लग्नात देग तिच्याकडे होती. खाली कांदा करपला. शेजारी उभ्या असलेल्या बायांना वास गेला. त्यांना वाटलं, जैबुनबी करते आहे म्हणजे काही विचार असेल. कोणी बोललं नाही. वाढल्यावर लोकांनी ताटं तशीच सरकवली. अम्मी घरी येऊन म्हणाली, "अब मुझे कोई बुलाए तो कहना, तबीयत ठीक नहीं." त्यानंतर एका सकाळी गॅसचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं आणि ती तिथेच बसून लसूण सोलत होती. अब्रारभाई गॅरेजमधून डबा न्यायला आला आणि दारातच त्याला वास आला. त्याने आधी सिलिंडर बंद केला, मग अम्मीला हाताला धरून बाहेर आणलं. रागावला नाही. उंबऱ्यावर बसून रडला. त्या दिवसापासून अम्मी स्वयंपाकघरात जात नाही. त्याने मना केलं नाही. तीच जात नाही.

आता टोपलीचं. गाठ तशीच होती, कारण ती अम्मीने पुन्हा बांधली. मी समोर होते. कापड सोडलं, आरशांवरून बोट फिरवलं. मग एकेक पुडी उघडून नाकाशी नेली. काळा मसाला, धने, मोहाची फुलं, सगळं. प्रत्येक पुडी उघडताना तिच्या चेहऱ्यावर आशा यायची. शेवटची पुडी झाली तेव्हा म्हणाली, "बबिताने बहुत मेहनत की होगी." आणि जशी होती तशी एकेक परत ठेवली, गाठ मारली, कपाटावर ठेवली. खराब होईल, भाभीला वापरू दे, असं मी म्हटलं. तर म्हणाली, "रहने दे. उसकी खुशबू जिस दिन आएगी, उस दिन खोलूँगी."

हे मी तुला कसं लिहिणार होते? तू विचारलं होतंस, तिचं तोंड कसं झालं.

टोपलीची कल्पना माझीच. मला वाटलं होतं, तुझं नाव पाहून ती उठेल. नाकाचं मी मनात बाजूला सारलं होतं. तुझ्या हातचं आमच्या घरी नेहमीच चालत आलं आहे, बबिता. असं पुन्हा लिहू नकोस.

तुझीच
जेबा


तांडा
२८ जानेवारी २०२५

प्रिय जेबा,

तुहं पत्र आलं त्या दिवशी मी शेतात गेली नाही. याडीले सारं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मंग म्हने, "नाक गेलं. जीभ तं हाय ना?"

मले ते समजलं नाही. मंग मी नाकात कापसाचे बोळे घातले अन् दिवसभर तसंच सैपाक केला, तसंच जेवली. बादल हसून राह्यला होता, पोरं घाबरली. पण जेबा, मले समजलं. काळा मसाला तोंडात नुसती माती लागते. धने म्हंजे भुसा. पण अंबाडी आंबटच लागते. मिरची जाळतेच. गुळ गोडच लागते, मेथी कडूच. मीठ समजते. अन् कुरडई दाताखाली फुटते तवा तिची मजा तेवढीच राहते. सारं जात नाही. अर्धं राहते. त्या अर्ध्यात बी रांधता येते.

संध्याकाळी बोळे काढले अन् चुलीतल्या लाकडाचा वास आला. मी तिथंच बसून राह्यली. चाचीले ते काढता येत नाही.

आता दुसरी टोपली पाठवून राह्यली. पह्यली तिथंच राहू दे, ती तिची हाय. हिच्यात अंबाडीची वाळलेली बोंडं हाय, चिंच, गुळ, दह्यातली मिरची, ज्वारीचे पापड, कुरड्या अन् सरगुंडे. सरगुंडे मी अन् जयानं कणीक काडीवर वळून केले, सारखे झाले नाही, पण हातात घेतल्याबरोबर समजते का घरचे हाय. तीळ हाय, ते तडतडले का झाले. जवस बी तसंच.

अन् टोपलीसंगं एक चूल हाय. याडीनं खाटेजवळ माती कालवून मांगतली अन् स्वतः थापली. तिचा निरोप असा, का ही अंगणात ठेवा, उघड्यावर. गॅसचं दिसत नाही, पण जाळ दिसते, धूर दिसते. काही जास्त झालं तं डोळ्याले समजते. अब्रारले म्हणा, याच्यात भ्यायसारखं काही नाही.

मी चाचीले चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहावं ते सुचलं नाही. तू फक्त नेऊन ठेव.

मांगच्या पत्रात मी जे लिहिलं ते मनात ठेवू नको.

बबिता


पुसद
१२ फेब्रुवारी २०२५

बबिता बेटा,

सलाम. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, त्याले लय जमाना झाला. अब्रार म्हने मी लिहून देतो, पण मी म्हटलं नको. चुकलं तं समजून घे.

टोपली आली. मी उघडली. पह्यले अंबाडी निघाली, मंग चिंच, मंग गुळ, मंग सरगुंडे. एक बी पुडी अशी नव्हती का जिले नाकाजवळ न्यावं लागन. तवाच मले समजलं का जेबानं तुले सांगतलं. मले गुस्सा आला. दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. मंग वाटलं, तिनं सांगतलं नसतं तं तू हे कसं भरलं असतं?

चूल अंगणात नीमच्या झाडाखाली ठेवली. अब्रार म्हने धूर होईन, शेजारचे बोलतीन. मंग तोच जाऊन वखारीतून लाकडं घेऊन आला. मी पह्यल्या दिवशी फक्त पापड भाजले. दुसऱ्या दिवशी अंबाडीची डाळ केली. लसूण तेलात टाकला अन् कान देऊन बसली. पह्यले तो जोरात बोलते, मंग आवाज बारीक होते. बारीक झाला का उतरवायचं. हे मले आधी कधी समजलं नव्हतं, कारण नाकच सारं काम करत होतं. अब्रारनं दोनदा डाळ घेतली. ताट पुसून खाल्लं.

बेटा, खाना मले अजून फिका लागते. बिर्याणीचं मले काही समजन असं वाटत नाही. रोते तो हूँ मैं भी, झूठ काहे को बोलूँ. पण हाताले काम आलं.

बादल आलता तवा सांगत होता का जयाचा साखरपुडा ठरला, अन् तुमच्या घरी सारं तुलेच करावं लागणार. मी येते. दालचा अन् गोड भाताचा जर्दा माह्याकडे. आता एक गोष्ट ऐक. तिथं कोणाले सांगू नको का मले वास येत नाही. जयाचे सासरचे लोक नवीन, बात फैलते. तू माह्या जवळ उभी राय, अन् कांदा झाला का हळूच मले सांग. बस.

तुही चाची
जैबुनबी


तांडा
२५ फेब्रुवारी २०२५

प्रिय जेबा,

तुले सुट्टी भेटली नाही, म्हणून सारं लिहून राह्यली. चाचीनं फोनवर तुले सांगतलं असन, पण ती अर्धं सांगते.

बादल तिले आदल्या दिवशीच घेऊन आला. आल्याबरोबर तिनं देग पाह्यली, चूल पाह्यली, वारं कोणत्या बाजूचं हाय ते पाह्यलं. मंग याडीजवळ खाटेवर बसली. दोघी हातात हात घेऊन बसल्या होत्या. एक आपलं गुडघ्याचं सांगून राह्यली होती, एक आपल्या सुनेचं. नाकाचं कोणीच बोललं नाही. चाचीले वाटलं याडीले माहीत नाही, अन् याडीनं मले डोळ्यानं खुणावलं होतं का चूप राय.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी कांदा चिरून झाला, देगीत तेल तापलं. आमच्या दोघींचं ठरल्यापरमानं मी चाचीच्या बाजूले उभी. तिनं कांदा टाकला अन् तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. जयाच्या सासरचे लोक. दुपारी येणार होते, ते सकाळीच आले. घरची सून मी, मले जाणंच भाग होतं. पाणी देणं, पाय धुवायले देणं, बायांले बसवणं. मी चाचीकडे पाह्यलं. ती म्हने, "जा बेटा."

मी पाणी देऊन राह्यली होती, पण सारं ध्यान मांगं. चार पाहुण्या बाया देगीजवळच जाऊन उभ्या राह्यल्या, मोठा सैपाक पाहायले लोकाले आवडते. ढोल वाजून राह्यला होता. मंग माह्या ध्यानात आलं का त्या ढोलात चाचीले कांद्याचा आवाज बी ऐकू येणार नाही. ती झारा धरून उभी होती, वाकून देगीत पाहत होती, पण मांडवात उजेड कमी अन् वाफ जास्त. तिचा हात थांबला. जेबा, मी तिचा हात असा थांबलेला कधी पाह्यला नव्हता. माह्या हातातला तांब्या मी जयाच्या सासूजवळ तसाच देला अन् निघाली.

मी पोचायच्या आधीच चाची सरळ उभी राह्यली. खाटेकडे तोंड केलं अन् मोठ्यानं म्हने, "जमनी, मले वास येत नाही. लय दिवस झाले. तू सांग, कांदा कसा हाय?"

त्या चार बाया तिच्याकडे पाहायले लागल्या. मी जागच्या जागी.

याडीनं मान वर केली. नाक वर करून वास घेतला, जसं सकाळी चहा उकळला का घेते. मंग म्हने, "गोड हाय अजून. हलवत राय. मी सांगीन."

चाची हलवत राह्यली. जरा वेळानं याडी म्हने, "आता." चाचीनं मसाला टाकला. "जाळ काढ." तिनं लाकूड ओढलं. पाहुण्यातली एक बाई पुढे आली अन् म्हने, माह्या बापाले बी असंच झालतं, तो माह्या मायले विचारून चहा प्यायचा. अन् ती तिथंच बसून दुधी सोलायले लागली. एवढंच झालं. ज्याच्यापायी चाची एवढे महिने घरात बसली होती, ते बोलून झालं अन् कोणाचं काही गेलं नाही.

दालचा कसा झाला ते कायले सांगू. लोकांनी बोटं चाटली. जर्दा तं तिनं एकटीनंच केला, रंग पाहून, शीत दाबून. त्याले याडीनं तोंड बी उघडलं नाही.

जेवणं झाल्यावर जयाच्या सासऱ्यानं चाचीले विचारलं, मे महिन्यात लग्न हाय, तवा येसान का? चाची पदराले हात पुसत म्हने, "आऊँगी. लेकिन जमनी को मेरे बाजू में खाट डाल के देना."

रात्री मी चाचीले विचारलं, तुम्ही तं कोणाले सांगू नको म्हणतलं होतं. ती म्हने, "बेटा, कांदा जल जाता."

चाची काल गेली. याडी जीपपर्यंत चालत आली, काठी टेकत. गेल्या पावसाळ्यापासून ती घराच्या बाहेर एवढी चालली नव्हती. आज सकाळपासून बादलच्या मांगं लागली हाय का मले पुसदले घेऊन चाल. कायले, म्हणून विचारलं तं म्हने, लग्नात अंदाज चुकू नाही म्हणून आधी दोघींनी एकदा रांधून पाह्यलं पाहिजे.

रमजान सुरू व्हायच्या आधी, या रविवारच्या अगोदर, घेऊन जातो म्हने बादल. जमलं तं तू बी ये.

तुही
बबिता